१:७२ सी हॉक, भाग ३: जोडणी संपली, रंग अर्ध्यावर

सी हॉक या नौदलाच्या लढाऊ जेट विमानाचं हे किटमधून जोडलेलं मॉडेल, खऱ्याच्या एक बहात्तरांश मापाचं. विमान आयएनएएस ३०० या नौदलाच्या हवाई तुकडीचं, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’चं, डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवर होतं तसं. पंख उघडेच ठेवलेत. घडी घातली तर १६५ मिमीचा पसारा ५६ मिमीवर येतो, कपाटात जागा वाचते. पण बिजागरापाशी पंख कापावे लागतात.

आधी वजन. नाकात वजन घातलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं. साधारण ८ ते १० ग्रॅम लागतं, पण पुढच्या चाकाच्या खणाने नाकातली जागा खाल्लेली असते. म्हणून गळाच्या शिशाच्या गोळ्या ठेचून चपट्या करायच्या आणि कॉकपिटच्या तळाखाली व दोन्ही अंगांना बसवायच्या. सगळे भाग टेपने जोडायचे, मागच्या चाकांच्या जागी दोन काड्यांवर तोलायचं आणि नाक खाली गेलं की वर २ ग्रॅम आणखी घालायचं. चिकटवायला इपॉक्सीच. लाकूडकामाचा पांढरा गोंद आणि शिसं यांचं जमत नाही: काही वर्षांत शिशावर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि सांधा आतून उकलतो.

जेट पाइपला सगळ्यात जास्त वेळ गेला. नीन इंजिनाचा झोत दोन फाट्यांतून पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या धडात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. शेपटीला भोक नाही म्हणून किटमधला भाग हरवला असं समजू नका. पाइपच्या आतला सांधा मात्र बाहेरून सरळ दिसतो. पुट्टी भरून टूथपिकला गुंडाळलेल्या ८०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने आतूनच घासावा, तोही पंख लावायच्या आधी. नंतर हात पोचत नाही.

रंग: वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, म्हणजे गडद राखाडी (रंगाचा नंबर एच३३३), खाली स्काय, म्हणजे फिकट हिरवट (एच७४). दोन रंगांची सीमा विमानाच्या धडावर बरीच उंच जाते, पंखाच्या मुळापाशी थांबत नाही. दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सी हॉकचे फोटो चाकांचे खण आणि बिजागरांसाठी सोन्यासारखे, पण रंगाची छटा त्यांवरून ठरवू नये. खाऱ्या वाऱ्यात आणि गोव्याच्या पावसात उघड्यावर उभ्या विमानाला रंगाचे हात चढत राहतात. छटा सरकते, बारीक अक्षरं खाली गाडली जातात, पत्र्याच्या रेघा बुजतात. छटेसाठी सेवेतल्या काळातले, १९८३ मध्ये त्याच्या जागी सी हॅरियर विमानं येण्याआधीचे फोटो बघा. हे सोडून संग्रहालयातल्या रंगाचा मेळ घालत बसणं म्हणजे डागडुजीचं मॉडेल करणं.

स्कायच्या दुसऱ्या हाताला डाव्या पंखाखाली दुधाळ झाक आली. दमट हवेत थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प धरतं. पुन्हा रंग मारायची गरज नाही: रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचं द्रावण) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा, १५ पीएसआय दाबावर, झाक दोन मिनिटांत विरते. पुढच्या हातांसाठी रंगात १० टक्के रिटार्डर आणि आधी अर्धा तास एसी. मास्किंग टेप लावायला २४ तास थांबायचं.

आता राखाडी रंग, मग चकाकीचा हात (ग्लॉस), मग डिकल, म्हणजे चिकटवायची चिन्हं. पंखांवरच्या तिरंगी वर्तुळातला केशरी राखाडीवर थेट बसवला तर विटकरी दिसतो. त्याच मापाची पांढरी चकती आधी लावावी लागेल. ती कापायची बाकी आहे.