भाकरी थापणारी बाई मिळेल का?

गेल्या जूनमध्ये माझ्या लेकीने आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. वर मोठ्या अक्षरात 'पृथ्वीला परवडेल असं ताट' आणि खाली ग्रॅमची यादी. कॉलेजचा प्रकल्प होता. २०१९च्या जानेवारीत सोळा देशांतल्या सदतीस तज्ज्ञांनी मिळून 'ईट-लॅन्सेट' नावाचा एक अहवाल काढला होता, त्यातलं हे ताट. २०५०च्या सुमाराला जगात हजार कोटी माणसं असतील, तेव्हा जंगलं न तोडता आणि माणसांची पोटं न बिघडवता सगळ्यांना जेवायला घालायचं तर माणशी रोज काय आणि किती, याचा तो हिशेब. प्रकल्पाचा प्रश्न होता : लोक हे स्वीकारतील का? आणि लोक म्हणून तिने निवडलं होतं आम्हाला. चार माणसं, भांडुप पश्चिम, महिनाभर.

माझ्या आईने चष्मा लावून कागद वाचला. तिचं वय ऐंशी. म्हणाली, "वजन करून कोण जेवता गो? पोट भरला की उठाचा."

मी मात्र वजन करायला बसले. ऑफिसात मी हिशेबाच्याच टेबलावर आहे, त्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतात. किराण्याची मागच्या तीन महिन्यांची बिलं काढली आणि माणशी भागाकार केला. साखर : कागदावर रोज ३१ ग्रॅम, आमची महिन्याला चार किलो, म्हणजे माणशी ३३. नवऱ्याचा एक चहा कमी केला की झालं. (अजून झालेलं नाही.) धान्य : कागदावर २३२ ग्रॅम, आमचं तांदूळ, गहू, ज्वारी मिळून २१७. वा! पण कागदावर 'अख्खं धान्य' आहे आणि आमच्यात निम्म्याहून जास्त पांढरा तांदूळ. मटण : रोज १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला शंभरच्या आत. आमच्याकडे पंधरा दिवसांनी रविवारी अर्धा किलो येतं, चौघांत, हाडांसकट. म्हणजे मटणात आम्ही पृथ्वीचे लाडके. त्याच अहवालात म्हटलंय की उत्तर अमेरिकेतली माणसं या मापाच्या सहापटीहून जास्त लाल मांस खातात आणि आपल्या दक्षिण आशियातली जेमतेम निम्मं. कमी कुणी करायचंय हे स्पष्ट आहे, तरी व्याख्यानं आपल्याकडेच जास्त होतात.

खरा धक्का डाळीने दिला. डाळी-कडधान्यं माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला नऊ किलो. आमच्या घरी येतात साडेचार. आम्ही, रोज वरणभात खाणारी माणसं! पण पातेल्यात डोकावून बघितलं की कळतं. तूरडाळ दीडशेच्या वर गेली तेव्हापासून आमटीत पाणी वाढत गेलं ते डाळ उतरल्यावरही कमी झालं नाही. जिभेला तेवढ्याच पातळ आमटीची सवय झाली.

फळं : माणशी २०० ग्रॅम, म्हणजे घरात रोज आठ केळी. भाजी : रोज सव्वा किलोच्या आसपास. शिवाय दाणे-बदाम मिळून ५० ग्रॅम, त्यात शेंगदाणे चालतात म्हणून निभावलं. मी बेरीज केली तेव्हा आमचं किराणा-भाजीचं बिल महिन्याला तीन हजारांनी वाढत होतं. आमचं ठीक आहे, दोन पगार आहेत. पण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंना मी हा कागद दाखवूसुद्धा शकत नाही. तो अहवाल आला त्याच वर्षाच्या शेवटी काही अर्थतज्ज्ञांनी त्याची किंमत काढली होती. जगातल्या किमान १५८ कोटी माणसांच्या घरी माणशी जेवढं उत्पन्न येतं, त्यापेक्षा हे ताट महाग. आणि इतरही खर्च असतात, भाडं असतं, औषधं असतात.

तरीही लोक जेवण बदलत नाहीत, ही जी एक समजूत आहे ना, ती मला पटत नाही. माझ्या घरातच ते दोनदा बदललंय.

माझे आजी-आजोबा कणकवलीकडचे. भात, नाचणीची भाकरी, कुळीथ, सुकी मासळी. गव्हाची पोळी सणाला, तीही पुरणाची. मुंबईत रेशनिंग आलं १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत. पुढे पन्नाशी-साठीच्या दशकांत अमेरिकेहून पीएल-४८० या अन्नमदतीच्या योजनेतला लाल गहू यायला लागला आणि कार्डावर मिळायला लागला. आजीला पोळी लाटता येत नव्हती. चाळीतल्या साताऱ्याकडच्या शेजारणीकडून ती शिकली. बहात्तरच्या दुष्काळात मिलो आला, तांबडी परदेशी ज्वारी. आई सांगते, लोक शिव्या घालायचे आणि खायचे. मिलो गेला, पण पोळी राहिली. आज माझी लेक नाचणीला 'हेल्दी ऑप्शन' म्हणते आणि पोळीला 'नॉर्मल'. तिच्या पणजीला हे ऐकून चक्कर आली असती. तीस-चाळीस वर्षांत एका अख्ख्या समाजाचं मुख्य धान्य बदललं. त्यासाठी कुणी भाषण दिलं नव्हतं, फ्रिजवर कागद लावला नव्हता. दुकानात जे स्वस्त आणि समोर होतं, ते ताटात आलं.

आता दुकानात काय आहे? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य, म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, एक रुपया किलोने देण्याची सोय होती, गव्हाच्याही निम्म्या भावात. २०२३पासून तर कायद्यातलं धान्य फुकटच झालं. पण आमच्या भांडीवाल्या ताईंच्या कार्डावर गहू आणि तांदूळच येतो. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा मला नाचणी भेटली ती मॉलमध्ये, बिस्किटांच्या पुड्यात, बदामाच्या शेजारी.

असो. मी प्रयोगाकडे येते.

ठरलं असं की आठवड्यातून चार दिवस डब्यात पोळीऐवजी भाकरी. ज्वारी दोन दिवस, नाचणी दोन दिवस. माझी ८ वाजून १२ची लोकल. रोज साडेपाचला उठते, त्या दिवशी पाचला उठले. नाचणीची उकड काढली, परातीत घेतली, मळली. आई स्टुलावर बसून बघत होती, काही बोलत नव्हती, आणि तिचं न बोलणं मला बरोब्बर ऐकू येत होतं. पहिली भाकरी थापताना कडेने फाटली. दुसरी परातीतून उचलताना मोडली. तिसरी तव्यावर गेली, पण पाणी फिरवायला उशीर झाला आणि वरून भेगा पडल्या. पोळी लाटून ठेवता येते, मोबाईल वाजला तर थांबता येतं. भाकरी थांबत नाही. एक तव्यावर, एक जाळावर, एक हाताखाली, आणि मधे कुणी हाक मारायची नाही. बारा भाकऱ्यांना पन्नास मिनिटं लागली, डाव्या हाताची दोन बोटं भाजली आणि दुपारी एक वाजता फोर्टात डबा उघडला तर भाकरीचा पापड झाला होता. नवऱ्याचा मेसेज आला, 'चहात बुडवून खाल्ली.' साडेआठ दिवस टिकला हा प्रयोग. अर्धा यासाठी की नवव्या दिवशी पीठ मळलं आणि ८ वाजून १२ चुकू नये म्हणून तसंच फ्रिजमध्ये टाकलं.

या सगळ्यात एकच पदार्थ सहज जमला, आणि तो कागदावरही चपखल बसत होता. कुळथाची पिठी. फोडणीत लसूण, पाणी, दोन आमसुलं, त्यात पीठ कालवून सोडायचं, दहा मिनिटांत रटरटते. कुळीथ हे पीकही तसंच गुणी. आमच्या गावाकडे भात कापला की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर पेरतात, वेगळं पाणी देत नाहीत, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र ठेवून जातात. मी आईला म्हटलं, बघ, हे किती सोपं आहे. ती म्हणाली सोपं तुला. मे महिन्यात कुळीथ भाजायचे, जात्यावर भरडायचे, पाखडून साल काढायची, मग दळायचे, हे कोण करत होतं? आता मी पाकीट आणते मालवणी सामानाच्या दुकानातून. कुणीतरी कुठेतरी दोनशे किलोचा घाट एकदम घातलेला असतो, म्हणून माझी पिठी दहा मिनिटांत होते.

हे ऐकताना मला आमची लालबागची खोली आठवली. आईची खानावळ होती. अठरा माणसं जेवायची, सगळे गिरणीतले, सगळे गाववाले, बायकामुलं गावी. पाळीप्रमाणे पंगती. एका मोठ्या टोपात उकड्या तांदळाचा भात, एकात डाळ किंवा पिठी, सुक्या बोंबलाचं कालवण, कधी चवळी, कधी वालाची उसळ. अठरा जणांसाठी दोन स्टोव्ह. रॉकेलला रांग असायची, त्यामुळे आई एका वेळी एकच काडी ओढायची आणि सगळं एकापाठोपाठ चढवायची. दुधीच्या सालीची चटणी व्हायची. उरलेल्या भाताची सकाळी पेज. कचऱ्याच्या डब्यात अन्न गेलेलं मला आठवत नाही. मला वाटतं, त्या कागदाशी सगळ्यात जवळचं ताट मी तेव्हाच जेवले असेन, फळं सोडून. पण त्या ताटामागे एक बाई पहाटे चार ते रात्री अकरा उभी होती, हेही त्या ताटातच धरायला हवं. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणलं, कारण सावकाराच्या कर्जावर धान्य आणून अख्ख्या गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बाईला बँक दारात उभी करत नव्हती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि महिन्या-दोन महिन्यांत आमच्या पंगती विरल्या. माणसं गावी गेली. उधारीची वही आईने कितीतरी वर्षं ट्रंकेत ठेवली होती.

तर नवव्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनाबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रात गेले. पोळी दहा रुपये, भाकरी पंचवीस. गहू आणि ज्वारीच्या भावात फरक आहे, पण अडीचपट नाही. मी केंद्रवाल्या ताईंना विचारलं. त्यांनी पुड्या बांधता बांधता सांगितलं, "ताई, पीठ महाग नाही हो. हात महाग आहे. लाटायला माझ्याकडे चौघी येतात. थापायला एकच, तीही नाशिककडची, ती सुट्टीवर गेली की पाटी काढून ठेवते मी." आता मला आमचं सगळं घोडं कुठे अडलंय ते दिसायला लागलं. भाकरीचं धान्य आपल्या कोरडवाहू जमिनीत पिकतं. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी तर पावसाळा संपल्यावर काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते आणि वर गुरांना कडबा देते. लोकांना ती आवडते, हॉटेलात पिठलं-भाकरीला पैसे मोजतात. मधे फक्त एक बाई कमी आहे. पूर्वी ती घरात होती आणि फुकट होती. आता ती माझ्यासारखी ८ वाजून १२ला निघते, आणि मी काही परत जाणार नाही.

मासळीचंही थोडं सांगते. कागदावर आठवड्याला माणशी दोनशे ग्रॅम. मी ठरवलं की सुरमई-पापलेट बंद, मांदेली, तारली, बोंबील. पहिल्याच बुधवारी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळणीकडे पापलेटची तळहाताएवढीसुद्धा नसलेली पिल्लं वाट्यावर लावलेली. २०२३मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा केलं आणि चोपन्न जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "मी नाय आणली तर पलीकडची आणंल, नि तू तिच्याकडं जाशील." मी मांदेली घेतली. साफ करायला चाळीस मिनिटं गेली. बघा, पुन्हा हातच.

लेकीचा प्रकल्प जुलैत जमा झाला. तिने निष्कर्षात लिहिलं होतं की लोकांमध्ये जागृती करायला हवी. मी म्हटलं, जागी तर मी पाचला झालेच होते. ती हसली, पण वाक्य बदललं नाही, मार्क त्यालाच मिळतात.

मी दुसरं केलं. केंद्रवाल्या ताईंना विचारलं, किती गिऱ्हाइकं पक्की मिळाली तर दुसरी बाई ठेवाल? त्यांनी मनात हिशेब केला. मंगळवार-शुक्रवार मिळून दीडशे भाकऱ्या पक्क्या आणि पैसे महिन्याचे आगाऊ, तर अठरा रुपयांनी देते, वर मटकी नाहीतर चवळीची उसळ. मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, लेडीज डब्यात बोलले. अकरा घरं हो म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात तिघी गळल्या, एकीच्या सासूबाईंना विकतची भाकरी चालेना, दोघींची मुलं खाईनात. मग लोकलमधली एक आली. सध्या नऊ घरं आहोत, आठवड्याला एकशेदहा भाकऱ्या. ताई म्हणाल्या, चालेल, बाकीच्या मी काउंटरवर खपवते. नवी बाई लातूरकडची आहे.

परवा मंगळवारी पहिल्यांदा नाचणीची आली, फडक्यात गुंडाळलेली, अजून ऊन होती. आईने तुकडा मोडला, कड दाबून बघितली, पिठीत बुडवून खाल्ला. मी वाट बघत उभी. दुसरा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "बरी आसा. जरा पातळ थापूक सांग तिका."