वठलेली सालई

एप्रिलची दुपार, मेळघाटात सिपना नदीचं खोरं. तीनच्या सुमारास उपग्रहाचा आगीचा इशारा मोबाइलवर आला. नकाशावरचं ते टिंब म्हणजे प्रत्यक्षात ३७५ मीटरचा चौकोन, त्यात आग कुठेही असू शकते. शिवाय उपग्रह दीडच्या आसपास वरून गेलेला, म्हणजे आग तोवर पुढे सरकलेली. टिंबाकडे न धावता टेकाडावरून धूर पाहिला आणि मग माणसं वाटली.

सुरुवात मोहाखाली झाली होती. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. आधी भोवती हातभर पट्टा मातीपर्यंत झाडून घेतला तर काही बिघडत नाही. इथे एक बाजू राहिली होती.

चढावर आगीचं तोंड अडवायला जायचं नसतं. ज्वाळा पुढचा पाचोळा तापवत वर पळतात. आम्ही बगलांनी आत शिरलो. पाठीवरचा ब्लोअर (जोराची हवा फेकणारं यंत्र) गुडघाभर ज्वाळेलाच चालतो. त्याहून उंच ज्वाळेवर मारला की तोच ठिणग्या पलीकडे फेकतो. म्हणून त्याचं खरं काम ज्वाळेच्या पुढे: सागाचा पाचोळा उडवून दीड-दोन मीटर उघडी माती करायची. पेट्रोल भरायचं ते जळून गेलेल्या जागेवर, इंजिन निवल्यावर. खालची बाजू कुणी सोडायची नाही, कारण जळते ओंडके गडगडत उतरतात आणि मागे दुसरी आग उभी राहते. अंधार पडल्यावर वारा डोंगरावरून खाली वळला. तेव्हा जाळरेषेच्या (आग अडवायला आधीच साफ केलेल्या पट्ट्याच्या) कडेने उलटी आग, म्हणजे येणाऱ्या आगीकडे जाळत जाणारी, सोडली, दोन्ही आगी भिडल्या. साडेदहाला सगळं शांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला रेषेच्या पलीकडे धूर!

बारा मीटरची रेषा स्वच्छ होती. पण कडेला एक वठलेली सालई उभी होती, आतून पोकळ. सालईत डिंक, बुंध्याला भोक, वर ढोली, म्हणजे चुलीचं धुराडंच. रात्रभर आतून धुमसली आणि वारा वाढल्यावर वरून निखारे सोडले. सागाचं मोठं वाळकं पान पेटतं ते पतंगासारखं जातं, त्याला बारा मीटर काहीच नाहीत.

मग वठलेली झाडं आधीच का तोडत नाही? हे जंगल राखलं गेलं मुळात सागासाठी (कोरकू भाषेत सागालाच सिपना म्हणतात) आणि इमारती लाकडाच्या काळात पोकळ झाड म्हणजे अडगळ होती. १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाट आलं, तसा हिशेब बदलला. रानपिंगळा हे छोटं घुबड ढोलीतच घरटं करतं. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ साली ते शहाद्याजवळ सापडलं आणि मग मेळघाटातही दिसलं. माझ्या मते रेषेलगतचं वठलेलं झाडही राखावं, फक्त आगीच्या हंगामाआधी त्याच्याभोवती तीन मीटर माती उघडी करावी आणि बुंध्याचं भोक दगड-मातीने बुजवावं. ढोली वर असते, तिला धक्का लागत नाही.

ही सालई मात्र पाडावी लागली. खोड फोडलं, आतले निखारे खरवडून मातीत कालवले. पाणी वाहून आणलेलं, वीसेक लिटर, ते शेवटी बुंध्यात ओतलं. नुसतं वरून ओतलं असतं तर आतली धग तशीच राहिली असती. तिसऱ्या दिवशी दुपारी मुळांच्या भोकांत उलटा हात घालून पाहिला. एक मूळ अजून कोमट होतं, ते खणलं.