खिशातला चालू फोन

जानेवारी 2025 मधल्या एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या सांगलीच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक आले आणि थेट माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी बँकेत सहायक व्यवस्थापक आहे आणि त्यांना सात वर्षांपासून ओळखते. हायस्कूलमध्ये 32 वर्षे गणित शिकवलेल्या या गृहस्थांना आमच्या भागात सगळे सर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. दर तिमाहीला व्याज जमा झाले की ते पासबुक भरून घेत, बाकावर बसून पेन्सिलीने हिशेब पडताळत आणि पाच-सात रुपयांचा फरक निघाला तरी कागद माझ्यासमोर ठेवून "बाळ, हे जरा बघ गं" असे म्हणत. बहुतेक वेळा तो फरक टीडीएसचा, म्हणजे व्याजातून आधीच कापलेल्या कराचा, असे आणि समजावून सांगितल्यावर त्यांचे समाधान होई.

त्या दिवशी ते मला "मॅडम" म्हणाले. मुदत ठेवीच्या पाच पावत्या त्यांनी टेबलावर ठेवल्या, त्या सगळ्या मोडायच्या आहेत असे सांगितले आणि आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम थेट दुसऱ्या खात्यात पाठवण्याचा, भरलेला फॉर्म पुढे केला. एकूण रक्कम 18 लाख 40 हजार रुपये होती. पाचांपैकी एका ठेवीची मुदत अवघ्या अकरा दिवसांनी संपत होती. ती आज मोडली तर व्याजदर कमी लागेल, शिवाय दंडही कापला जाईल, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, "चालेल." पाच रुपयांच्या फरकासाठी बाकावर तासभर बसणारा माणूस हजारोंच्या नुकसानीला एका शब्दात मान्यता देतो, हे पाहून मी हातातले काम बाजूला ठेवले.

फॉर्मवर रक्कम मिळवणाऱ्याचे नाव परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचे होते आणि कारणाच्या रकान्यात "मालमत्ता खरेदी" असे लिहिले होते. सरांच्या पातळ सुती शर्टाच्या खिशात मोबाईल होता, त्याचा पडदा कापडातून उजळलेला दिसत होता आणि दर थोड्या वेळाने त्यांचा हात खिशाकडे जाऊन परत येत होता.

इथे मला आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या गोष्टीवाचून मी त्या सोमवारी वेगळी वागले नसते. 2023 च्या दिवाळीनंतर एक मध्यमवयीन बाई अशाच घाईने आल्या होत्या. मी त्यांना "रक्कम कशासाठी पाठवता आहात?" असे विचारले, त्यांनी "घरासाठी" असे उत्तर दिले आणि मी 6 लाख 20 हजारांचा व्यवहार मंजूर केला. चौथ्या दिवशी त्या रडत आल्या. आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून कितीतरी खात्यांत गेले होते आणि जेमतेम अकरा हजार रुपये रोखून ठेवता आले. मी प्रश्न विचारला होता, त्यांनी उत्तर दिले होते, नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. तरीही त्या व्यवहारावरची मंजुरी माझी होती आणि ते ओझे मी आजही बाळगते. "कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर फसवणारे आधीच पढवून पाठवतात, हे मला त्या बाईंमुळे कळले.

म्हणून मी सरांना पैशांबद्दल काहीच विचारले नाही. "काकू कशा आहेत?" एवढेच विचारले. या प्रश्नाचे उत्तर कोणी पढवलेले नव्हते. सर माझ्याकडे बघत राहिले, त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही आणि डोळे भरून आले.

मी मोठ्या आवाजात म्हणाले, "सर, पाच ठेवी आहेत, सह्या जुळवायला वेळ लागेल. बसा तुम्ही." मग पैसे काढण्याच्या स्लिपच्या मागच्या बाजूला लिहिले, "फोनवर कोणी ऐकत आहे का? नुसती मान हलवा." त्यांनी मान हलवली. पोलीस असल्याचे सांगून माणसाला फोनवरच धाकात ठेवायचे आणि पैसे उकळायचे, अशी "डिजिटल अटक" नावाची ही फसवणूक असणार, हे मी ओळखले. मी लिहिले, "हे पोलीस नाहीत. अशी अटक नसते." वाटले होते, एवढ्याने त्यांचा जीव भांड्यात पडेल. पण त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले आणि थरथरत्या अक्षरात लिहिले, "वॉरंट पाहिले आहे. मुलाची नोकरी जाईल. तुम्ही मध्ये पडू नका." दोन दिवस सतत दटावल्या गेलेल्या माणसाला माझ्या एका चिठ्ठीपेक्षा तो आवाज खरा वाटत होता, आणि त्यात नवल नव्हते.

मी आमच्या व्यवस्थापकांना खुणेनेच आत बोलावून सगळे सांगितले. ठेवी सरांच्या एकट्याच्या नावावर होत्या आणि ग्राहकाच्या व्यवहाराची वाच्यता त्याच्या घरच्यांकडेही करायची नाही, हा आमचा रोजचा दंडक आहे. तो मोडावा की नाही, यावर आम्ही दोघे मिनिटभर बोललो असू. शेवटी रकमेचा किंवा ठेवींचा उल्लेख न करता फक्त "सरांना बरे वाटत नाही, लगेच या" असा निरोप देऊन काकूंना आणायचे ठरले. आमचा शिपाई त्यांना आणायला स्कूटर घेऊन गेला आणि व्यवस्थापकांनी पोलिसांना फोन लावला. इकडे मी सरांच्या खिशाला ऐकू जाईल अशा बेताने "सर्व्हर फार हळू चालतोय" असे दोनदा म्हणाले.

वीस मिनिटांत काकू आल्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, काही न विचारता त्यांच्या खिशातला फोन काढला आणि कानाला लावला. पलीकडून दरडावणीच्या सुरात "कौन है वहाँ?" असे आलेले मलाही ऐकू आले. काकू म्हणाल्या, "मी यांची बायको आहे, तुम्ही कोण?" पलीकडे क्षणभर शांतता झाली. काकूंनी लाल बटण दाबले. पुढच्या अर्ध्या तासात त्या फोनवर अकरा कॉल आले आणि प्रत्येक कॉलला सर दचकत होते.

मग केबिनमध्ये पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितले. शनिवारी दुपारी एक ध्वनिमुद्रित फोन आला होता. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे नाव घेऊन त्यात सांगितले गेले की, तुमचा मोबाईल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, कारण जाणण्यासाठी 9 दाबा. वास्तविक ट्राय कोणाही ग्राहकाचा क्रमांक बंद करण्यासाठी फोन करत नाही. सरांनी 9 दाबले. पुढे बोलणाऱ्याने त्यांच्या आधार क्रमांकावर मुंबईत दुसरे सिम घेतले गेल्याचे आणि त्यावरून काळ्या पैशांचे व्यवहार झाल्याचे सांगितले, फोन "मुंबई पोलिसांकडे" जोडला आणि व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलवर गणवेशातला एक माणूस दिसला. त्याच्यामागे भिंतीवर राजमुद्रा होती. सरांच्या नावाचे अटक वॉरंट आणि रिझर्व्ह बँकेचे चिन्ह असलेले एक पत्र व्हॉट्सअॅपवर आले. तुम्ही आता "डिजिटल अटके"त आहात, खोलीचे दार लावून घ्या, कॅमेरा बंद करायचा नाही आणि कोणाशी बोललात तर त्या व्यक्तीवरही गुन्हा दाखल होईल, असे बजावले गेले. रविवारची रात्र अशीच काढून सोमवारी बँक उघडल्यावर सगळी रक्कम "पडताळणीसाठी" पाठवायची आणि ती 48 तासांत परत येईल, असे ठरले. बँकेत जाताना व्हिडिओ बंद करायची परवानगी मिळाली, आवाज मात्र चालू ठेवायचा होता. मॅनेजरने विचारले तर मालमत्ता खरेदी म्हणायचे, हेही त्यांच्याकडून लिहून घेतले गेले होते.

पोलीस ठाण्यातून आलेल्या हवालदारांनी सरांसमोर खुर्ची घेतली आणि फार शांतपणे एक गोष्ट समजावली, जी मला स्वतःलाही तोपर्यंत इतकी स्पष्ट ठाऊक नव्हती. डिजिटल अटक नावाचा प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही. खरी अटक झाली तर अटकेचे कारण त्या व्यक्तीला सांगावे लागते, तिच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक असते आणि 24 तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. "सर, आम्ही अटक केली तर घरच्यांना आम्हीच सांगतो. हे म्हणत होते, घरच्यांना सांगू नका. इथंच ओळखायचं," असे ते म्हणाले. सरांनी ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. गणिताच्या शिक्षकाला सिद्धता मिळाल्यावर चेहरा जसा सैल पडतो, तसा तो मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला.

पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या "मन की बात"मध्ये याच फसवणुकीबद्दल सांगितले होते आणि सरांनी तो कार्यक्रम ऐकलाही होता. माहिती नव्हती म्हणून ते फसले, असे म्हणता येणार नाही. माहिती आठवायला निवांत क्षण लागतो, आणि फसवणाऱ्यांनी तोच हिरावून घेतला होता. एप्रिल 2025 पासून आरटीजीएस आणि एनईएफटी या मार्गांनी पैसे पाठवताना रक्कम मिळवणाऱ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय झाली, तिचे मी स्वागत करते, पण सरांना ते नाव दिसत होते, ते त्यांनी स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिले होते, हेही मला विसरता येत नाही. रिझर्व्ह बँक सर्वसामान्य माणसाचे खाते ठेवत नाही आणि तिची "पडताळणी" एखाद्या ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात होऊ शकत नाही, एवढा विचार शनिवारआधी सरांनी सहज केला असता.

हवालदार उठायला निघाले, तेव्हा सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "शनिवारी रात्री 49 हजार पाठवलेत मी. यूपीआयने." तासभर त्यांनी हे आमच्यापासून लपवले होते. घाबरून नव्हे, लाजेने. हवालदारांनी एक शब्दही बोल लावला नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी तिथेच 1930 लावून दिला, मी व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक, काढून दिला आणि तक्रार क्रमांक मिळाल्यावर त्याच दुपारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वॉरंट, पत्र आणि कॉलच्या नोंदींचे स्क्रीनशॉट चढवले. ज्या क्रमांकांवरून फोन आले, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या "चक्षू" सुविधेवर कळवले. 36 तासांहून अधिक वेळ गेला होता, तरी साखळीतल्या दुसऱ्या खात्यात 31 हजार रुपये सापडले आणि ते गोठवले गेले. ते परत मिळण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागली आणि त्यात काही महिने गेले.

त्या दिवसापासून मोठी ठेव मुदतीआधी मोडायला कोणी आले की मी आधी फोन कुठे आहे ते पाहते, घरच्यांची विचारपूस करते आणि ग्राहकाला टेबलावरून केबिनमध्ये आणून बसवते. काही जण चिडतात. एका गृहस्थांनी "माझे पैसे आहेत, तुम्ही विचारणाऱ्या कोण?" असे सुनावले आणि त्यांचा व्यवहार खरोखरच मुलीच्या फ्लॅटचा निघाला. मी त्यांची माफी मागितली. पुढच्या ग्राहकालाही मी तेच प्रश्न विचारले.

गुरुवारी सर आणि काकू दोघे आले. काकू माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "दोन दिवस मी दाराबाहेर चहा ठेवत होते बघ. म्हटलं, पेन्शनचं काही काम असेल, त्रास नको द्यायला. आतून कडी लावलेली, आणि मी कप उचलून नेत होते, गार झालेला." सर खाली मान घालून ऐकत होते. मग काकूंनी पिशवीतून पाचही पावत्या काढल्या आणि ठेवींवर आपले नाव लावून द्यायला सांगितले, तेही दोघांपैकी कोणीही एक अशा पद्धतीने नको, दोघांच्या सह्या असल्याखेरीज मोडताच येणार नाहीत अशा पद्धतीने. मी फॉर्म काढून दिले. सरांनी सही करण्याआधी पेन्सिल मागून घेतली, अकरा दिवसांनी संपणाऱ्या त्या ठेवीचे व्याज कागदाच्या कोपऱ्यात काढले आणि तो कागद माझ्याकडे सरकवला.

"बाळ," ते म्हणाले, "हे जरा बघ गं."