शून्य बाइटांच्या फाइली

लिनक्स ही कार्यप्रणाली बसवलेल्या संगणकावर, जोडलेल्या फाइल सिस्टीम (फाइली मांडण्याच्या व्यवस्था) दाखवणारी ‘माउंट’ ही आज्ञा मी पहिल्यांदा दिली, तेव्हा पडद्यावर तीसएक ओळी उमटल्या. डिस्कचे विभाग मी स्वतःच पाडले होते आणि ते दोनच होते. मग बाकीच्या ओळी कशाच्या, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यातून जाईना. प्रॉक, सिसएफएस, डेव्हटीएमपीएफएस, टीएमपीएफएस, सीग्रुप२ अशी ती नावे होती. यांतली एकही फाइल सिस्टीम डिस्कवर नसते, हे कोणीही सांगेल. पण मग ती असते कुठे, हे उमगायला मला प्रॉक जिथे दिसते त्या ‘/प्रॉक’ डिरेक्टरीतच (फोल्डरमध्येच) मुक्काम ठोकावा लागला.

तिथली ‘अपटाइम’ ही फाइल पाहा. फाइलींची यादी देणारी ‘एलएस -एल’ आज्ञा तिची लांबी शून्य बाइट दाखवते, आणि तरीही मजकूर दाखवणाऱ्या ‘कॅट’ आज्ञेने उघडली की दोन आकडे समोर येतात. पहिला आकडा संगणक सुरू होऊन किती सेकंद झाले ते सांगतो. दुसरा प्रोसेसरच्या सर्व कोअरच्या (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) रिकाम्या वेळाची बेरीज असतो, म्हणून चार कोअरच्या निवांत यंत्रावर तो पहिल्याच्या कितीतरी पुढे गेलेला दिसतो. पुन्हा उघडा, आकडे बदललेले असतात. तिथे काही साठवून ठेवलेलेच नसते. आपण वाचायला घेतो त्या क्षणी कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, उत्तर तयार करून हाती देतो.

‘/प्रॉक’मागची, प्रोसेसकडे (चालू असलेल्या प्रोग्रामकडे) फाइल म्हणून पाहण्याची कल्पना टी. जे. किलियन यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीच्या आठव्या आवृत्तीसंदर्भात मांडली. लिनक्सने तीत मेमरी, प्रोसेसर अशा इतर माहितीचीही भर घातली आणि हळूहळू ‘/प्रॉक’ची अडगळीची खोली झाली. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलमधील सिसएफएसने उपकरणांसाठी वेगळी जागा दिली आणि एका फाइलीत शक्यतो एकच मूल्य असावे, अशी शिस्तही घालून दिली. ती शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळेच लॅपटॉपच्या बॅटरीची टक्केवारी वाचणे किंवा ‘ब्राइटनेस’ फाइलीत रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून एक संख्या लिहून पडदा मंद करणे एका ओळीत जमते.

या समजुतीचा उपयोग एकदा ऐन वेळी झाला. एका सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली होती. एक अवाढव्य लॉग (नोंदींची) फाइल पुसली, तरी डिस्कची भरलेली जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ आज्ञेतला आकडा जागचा हलेना. तेव्हा लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसच्या क्रमांकाने ‘/प्रॉक’मध्ये जाऊन तिच्या उघड्या फाइलींची ‘एफडी’ डिरेक्टरी पाहिली. तिथे तीच फाइल, नावापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा घेऊन, उघडीच होती. नाव गेले होते, पण प्रोसेसने फाइल धरून ठेवली असल्याने जागा सुटली नव्हती. सेवा पुन्हा सुरू करताच ती मोकळी झाली.

टीएमपीएफएसला मात्र या पंगतीत बसवणे मला पटत नाही. तिथे फाइली खरोखरच साठतात, फक्त मेमरीत आणि गरज पडल्यास स्वॅपमध्ये (मेमरीला पूरक म्हणून राखलेल्या जागेत). मर्यादा सांगितली नाही, तर ती मेमरीच्या निम्म्यापर्यंत वाढू शकते, आणि संगणक बंद केला की सारे नाहीसे होते.

याच्या उलट सिसएफएसच्या ‘/सिस’ डिरेक्टरीखाली माउंट होणाऱ्या (जोडल्या जाणाऱ्या) ईएफआयव्हारएफएसमध्ये लिहिलेले संगणक बंद केल्यावरही टिकते, कारण त्या फाइली म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरमधील (त्यातच बसवलेल्या प्रोग्राममधील) चल, म्हणजे नावाने साठवलेली मूल्ये, असतात. २०१६ मध्ये सर्वांत वरच्या ‘/’ डिरेक्टरीपासून सगळे पुसणाऱ्या ‘आरएम’ आज्ञेने हे चलही पुसले गेले आणि सदोष फर्मवेअरची काही यंत्रे पुन्हा सुरूच झाली नाहीत. त्यानंतर कर्नलने यातील बहुतेक फाइलींना न बदलण्याची खूण लावली. फाइलींवरील अशा खुणा दाखवणारी ‘एलएसएटीटीआर’ आज्ञा चालवल्यास त्यांच्यासमोर ‘आय’ हे अक्षर दिसते, आणि ते मुद्दाम काढल्याशिवाय रूटलाही त्या पुसता येत नाहीत.