बोर्डामागची वायर आणि तीन मिलिमीटर

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न असा असतो: "जिप्सम बोर्डात स्विचबॉक्सची, लाइटची भोकं पाडायला ते बॅटरीवरचं कटआउट मशीन घेऊ का? आणि मागची वायर कापली गेली तर?" हे विचारणारे दोन प्रकारचे. एक, पुण्या-मुंबईत फॉल्स सीलिंग किंवा पार्टिशन करून घेणारे. दुसरे, अमेरिका-कॅनडात राहणारे, ज्यांच्या घरातल्या बहुतेक आतल्या भिंती बोर्डाच्याच असतात.

घ्या. फक्त ते चालवायच्या आधी बिट, म्हणजे कापणारी काडी, किती बाहेर ठेवायचं हे पक्कं करा. वायर कापली जाते ती हात घसरला म्हणून नव्हे, बिट उगाचच दोन सेंटीमीटर जास्त आत गेलं म्हणून.

मशीन साधं आहे. मुठीत मावणारी मोटर, पुढे कोलेट, म्हणजे बिट पकडणारी चिमटी, कोलेटमध्ये साधारण 3.2 मिमी जाडीचं पीळदार बिट. मिनिटाला 26 ते 30 हजार फेरे. हे बिट टोकाने घुसतं आणि मग कडेने कापत जातं. साधं ड्रिलचं बिट कडेने कापायला बनलेलंच नसतं, आडवा जोर आला की ते मोडतं, आणि या वेगाला मोडलेला तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून यात ड्रिलचं बिट घालायचं नाही, आणि गॉगलशिवाय मशीन सुरू करायचं नाही. नेहमीचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

आता कापायची खोली. आपल्याकडचा बोर्ड बहुधा 12.5 मिमीचा. तिकडे भिंतीला अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी, आणि सीलिंगला किंवा आगरोधक भिंतीला बऱ्याचदा पाच-अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ 16 मिमी. बॅटरी काढा. बिट कोलेटमध्ये शेवटपर्यंत सारा, मग दीड मिमी मागे ओढा आणि पान्याने आवळा. त्यानंतर बोर्डाचा एक तुकडा मशीनच्या पायाला, म्हणजे बोर्डावर टेकणाऱ्या भागाला, टेकवा आणि खोलीचा स्क्रू असा बसवा की बिटचं टोक तुकड्याच्या पलीकडे जेमतेम 3 मिमी दिसेल. डोळ्याचा अंदाज नको, तुकडाच लावा. पायाचा स्क्रू कंपनाने सैल पडतो, म्हणून चार-पाच भोकांनंतर पुन्हा तुकडा लावून बघा.

या हिशोबाला एक अपवाद आहे, आणि तो नेमका आपल्याकडचा. फॉल्स सीलिंगच्या वर वायरी बऱ्याचदा कंड्युइटमध्ये, म्हणजे पाइपात, नसतात, बोर्डाच्या पाठीवर नुसत्या लोळत असतात. तिथे 3 मिमीसुद्धा जास्तच. सीलिंग आधीच बंद झालं असेल तर पहिलं भोक हाताने, टोकदार करवतीने, बोटभर पाडा. करवतही वरवरच चालवा, पातं अर्धा इंचाच्या पलीकडे जाऊ देऊ नका. त्यातून मोबाइलचा कॅमेरा टॉर्च लावून आत बघू द्या. वायर दिसली तर ती बाजूला सारता येते का बघा. येत नसेल तर मशीन खाली ठेवा.

वीज बंद करायचीच. बॅटरीच्या मशीनचा खरा फायदा हाच: मेन बंद करूनही काम चालू राहतं. पण एमसीबी खाली केला की घरातली वीज गेली, असं इन्व्हर्टर असलेल्या घरात समजू नका. इन्व्हर्टरची लाइन बॅटरीवर जिवंत राहते, आणि दिवे-पंखे बहुधा त्याच लाइनवर असतात. इन्व्हर्टरही बंद करा, मग टेस्टर लावा. न टेकवता ओळखणारा पेन-टेस्टर धातूच्या कंड्युइटमधली वायर दाखवत नाही, त्यामुळे तो गप्प राहिला म्हणजे निर्धास्त, असं नाही.

बॉक्सभोवती कापण्याची पद्धत तिकडे जास्त चालते, कारण तिथे बॉक्स आधी बोर्डामागच्या उभ्या खांबाला ठोकतात आणि बोर्ड वरून लावतात. बॉक्सची कड बोर्डाच्या जाडीइतकी पुढे आलेली असते, त्यामुळे कापेपर्यंत बोर्ड तिथे सपाट बसतच नाही. म्हणून बोर्ड लावण्याआधी बॉक्सचा मध्य जमिनीपासून आणि कडेच्या भिंतीपासून मोजून लिहून ठेवा, आणि आतल्या वायरी घडी करून अगदी तळाशी दाबा. बोर्डाला सुरुवातीला दोन-चारच स्क्रू, तेही बॉक्सपासून निदान दोन फूट लांब. जवळ स्क्रू मारला तर अर्धं कापून होताच उरलेला भाग ताणाने फुटतो आणि कागदासकट टवका निघतो.

मोजलेल्या मध्यावर मशीन 45 अंशात तिरकं धरून, चालू करून, बिट आत सोडा आणि मग सरळ करा. हळूहळू एका बाजूला सरका. बॉक्सची आतली भिंत लागली की हाताला कळतं. तिथे बिट बाहेर उचला, बॉक्सच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला उतरवा आणि बॉक्सची कड धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरा. उलटच का, तर बिट समोरून पाहणाऱ्याच्या नव्हे, मशीन धरणाऱ्याच्या नजरेने घड्याळाच्या दिशेने फिरतं, आणि बोर्डात पुढे सरकताना डावीकडे ओढतं. उलट फिरताना बॉक्स तुमच्या डाव्या हाताला असतो, त्यामुळे बिट आपोआप त्याला चिकटून चालतं. सुलट फिरलात तर ते बॉक्स सोडून भिंतीत भरकटतं. यासाठी टोक गुळगुळीत असलेलं, बॉक्सवर घासत जाणारं बिट मिळतं, तेच वापरा. ते बोर्डापलीकडे 6 मिमीपर्यंत ठेवावं लागतं, नाहीतर गुळगुळीत भाग बॉक्सपर्यंत पोचत नाही आणि धारच कडेवर घासते. प्लॅस्टिकच्या बॉक्सवर जोर दिलात तर बॉक्सही कापला जाईल.

बिटने धूर काढला तर ते बोथट झालंय, किंवा तुम्ही एकाच जागी रेंगाळताय. मोडलं तर घाई झाली. बटण बंद केल्यावरही बिट थोडा वेळ फिरत राहतं, ते थांबेपर्यंत मशीन मांडीवर किंवा उभं राहायच्या घोड्याच्या फळीवर टेकवू नका.

गोल लाइटसाठी मात्र मला हे मशीन फारसं पटत नाही. एकाच मापाची दहा भोकं असतील तर होलसॉ, म्हणजे ड्रिलला लागणारी गोल करवत, सरस. तुरळक असतील तर याला वर्तुळ कापायची पट्टी लावा. माप लाइटचं नाही, पॅकिंगवर लिहिलेलं कटआउटचं घ्या, आणि आधी लोहचुंबक फिरवून चॅनल (बोर्डामागच्या सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि स्क्रू कुठे आहेत ते शोधा. या बिटने चॅनल कापायला गेलात तर बिट तरी जाईल नाहीतर मनगट.

धूळ पिठासारखी बारीक उडते, एन95 मास्क लावा. आपल्याकडचा जुना सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा किंवा शीट असेल तर हे मशीन अजिबात नाही, त्यातले तंतू फुप्फुसात जातात. अमेरिकेत 1977 साली सांधे भरायच्या मसाल्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालण्यावर बंदी आली, त्याआधीच्या घरात सांध्यावर कापण्यापूर्वी तपासणी करून घ्या.

बॉक्सभोवती 3 मिमीपेक्षा मोठी फट राहिली तर ती मसाल्याने भरा, तिकडचा वीजनियमही तेच सांगतो. पण कापताना वायरीला बिट लागल्याची नुसती शंका आली, म्हणजे तांब्याचा कण दिसला किंवा प्लॅस्टिकची नाजूक साल बिटला गुंडाळून आली, तर काहीही भरू नका. मेन आणि इन्व्हर्टर बंदच ठेवा, भोक हाताने मोठं करा आणि वायरमनला बोलवा. जोड लागलाच तर तो झाकण उघडता येईल अशा बॉक्समध्येच घ्यायला सांगा, टेप गुंडाळून बोर्डामागे सोडायला नाही.