क्रुशिन्यानी

आज पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेजवळच्या क्रुशिन्यानी गावात गेलो. लाकडी घरं आणि झाडांआड चक्क हिरवी लाकडी मशीद! अठराव्या शतकातली. पुढचे दोन मनोरे बघून आधी चर्चच वाटलं. मागच्या झाडीत, टेकाडावर तातारांचं, म्हणजे इथल्या तुर्कवंशी मुसलमानांचं, कब्रस्तान.

फौजेतल्या तातारांचा पगार थकला, तिजोरीत खडखडाट, म्हणून राजा यान सोबिएस्कीने १६७९ मध्ये त्यांना इथली जमीन दिली. म्हणजे वतनं तिकडेही होतीच की! (सोबिएस्कीची राजा म्हणून निवड मे १६७४ मधली, पुढच्याच महिन्यात रायगडावर राज्याभिषेक. हे जुळलेलं बघून उगाच खूश झालो.) तातार कुटुंबं आता मोजकीच.

जेवायला पिएरेकाचेवनिक: पातळ पाऱ्यांत मांसाचं सारण भरून, गुंडाळून भाजलेलं. भारी जड, पण संपवलं.