अंदमानला जाताय? मग नीलला मुक्काम कराच

आपल्या नाशिककडून अंदमानला जाणाऱ्यांचं पहिलं ठिकाण ठरलेलं असतं, सेल्युलर जेल. सावरकरांचं भगूर इथेच बाजूला, त्यामुळे साहजिकच आहे. सातपैकी तीनच विंग उरल्यात, पण बाबाराव आणि तात्याराव दोघे भाऊ इथे कोठडीत होते हे आठवलं की कोणी जोरात बोलत नाही. जेल बघाच. पण मग लोक पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम म्हणतात) बाजारातच दिवस घालवतात ते काही मला पटत नाही, खरं अंदमान फेरीबोटीत बसल्यावर सुरू होतं.

हॅवलॉक बेटाचा राधानगर बीच फोटोत दिसतो तस्साच आहे, पांढरी वाळू आणि उंच झाडं अगदी वाळूपर्यंत आलेली. गर्दी मात्र भरपूर. मला आवडलं ते नील (आता शहीद द्वीप म्हणतात). फाळणीनंतर आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेलं छोटंसं बेट, भाताची शेतं, सुपारी, नारळ, आणि बीचची नावं काय तर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर! पंचवटीतून आलेल्या माणसाला अजून काय पाहिजे. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, आणि लक्ष्मणपूरच्याच दुसऱ्या बाजूला खडकाची ती नैसर्गिक कमान, तिथे ओहोटीलाच जायचं, कारण पाणी उतरलं की खडकातल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकडी, निळे-पिवळे मासे सगळं उघड्यावर दिसतं, पाण्यात उतरायचीही गरज नाही, पण खाली शेवाळ आणि धारदार प्रवाळ, त्यामुळे चांगल्या ग्रिपच्या सँडल पाहिजेतच.

एक गंमत, बेटं एवढी पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, म्हणून डिसेंबरात पाचलाच सूर्य बुडतो. आई म्हणाली, "अरे, मग संध्याकाळचा चहा दुपारीच प्यायचा का?" तर सकाळी लवकर उठा, फिरणं दुपारपर्यंत उरका.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, शाकाहारी असाल तर डाळ-भात-भाजी मिळते, मिसळीची आठवण काढू नका. शंख-प्रवाळ उचलून आणू नका, परवानगी नाही आणि विमानतळावर बॅगा तपासतात. फेरीची तिकिटं आधीच काढा, समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदला दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच ठेवा. आणि मे अर्धा व्हायच्या आत जाऊन या, मान्सून आपल्याआधी तिथे पोचतो.